हापसा, मिशन आणि जुलाब

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जूनचा पहिला आठवडा होता. तालुक्याच्या पूर्वेकडच्या, धरणाचे पाणी न पोचलेल्या भागातील एका वाडीवरून चार दिवसांत सात मुले जुलाब-उलट्या घेऊन माझ्या दवाखान्यात आली. दोघांना सलाईन लावावे लागले. बाकीच्यांना मीठ-साखरेची पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या देऊन घरी पाठवले. पाचव्या दिवशी आठवे मूल आले. त्याच्याबरोबर आलेली आजी म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हापसा बिघडल्यापासून हे असंच चाललंय बघा."

तोपर्यंत मी एकाही आईला "पाणी कुठलं पिता?" असे विचारले नव्हते. पंचवीस वर्षे प्रॅक्टिस केलेल्या माणसाला हे लिहिताना बरे वाटत नाही, पण खरे ते सांगितले पाहिजे. वाडीवरचा हापसा दोन महिने बंद होता आणि लोक ओढ्याकाठच्या जुन्या आडाचे पाणी भरत होते. पहिल्या पावसाने वरची सगळी घाण त्या आडात उतरली होती. आडात टीसीएल पावडर टाकली गेली, हापशाचे वायसर बदलले आणि पुढच्या आठवड्यात त्या वाडीवरून जुलाबाचा एकही रुग्ण आला नाही. वायसरची किंमत माझ्या सलाईनच्या बाटलीपेक्षा जास्त नव्हती.

वाचकहो, हापसा आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो आला कुठून हे कोणी विचारत नाही. सरकारने बसवला, असे आपण म्हणतो. ते खरे आहे, पण पुरते खरे नाही. त्याच्या मुळाशी आपल्याच महाराष्ट्रातील ख्रिस्ती मिशनच्या लोकांची खटपट आहे.

पूर्वी मिळणारे हातपंप बिडाचे असत. परदेशात एका घराच्या परसात बसवायच्या पंपाची ती नक्कल. आपल्याकडे तोच पंप पहाटेपासून रात्रीपर्यंत सगळे गाव हापसणार, आणि पाणीही खोल. मग सांधे झिजत, खिळी निसटे, दांडा मोडे. बसवलेल्या पंपांपैकी बहुतेक बंदच पडलेले असत. १९६० च्या दशकात मराठवाड्यात जालन्याला चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने आणि सोलापूरकडे मिशनच्याच आधाराने बोअरचे काम करणाऱ्या मंडळींनी यावर हात चालवला. कठीण खडकात बोअर घ्यायचे आणि त्यावर टिकेल असा पंप बसवायचा, हे त्यांचे काम. बिडाऐवजी पोलाद वापरले आणि दांड्याचे अनेक खिळखिळे सांधे काढून एकच मजबूत सांधा ठेवला. 'जालना पंप' आणि 'सोलापूर पंप' ही नावे त्यावरूनच पडली. पुढे भारत सरकार आणि युनिसेफ यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सोलापूर पंपाच्या धर्तीवर 'इंडिया मार्क टू' हा पंप तयार करवला. आपल्या वाड्यावस्त्यांवर दिसतो तो हाच. दांडा बेअरिंगवर फिरतो आणि आतली सळई साखळीने ओढली जाते, त्यामुळे ती सरळ वर येते, वाकत नाही. लाखो पंप बसले, आफ्रिकेतही गेले.

यात डॉक्टरने एवढे काय पाहावे, असे कोणी म्हणेल. तरुण वाचकांना नारू हा शब्दसुद्धा ठाऊक नसेल. आमच्या आजीच्या पिढीने तो पाहिला होता. पायऱ्यांच्या विहिरीत लोक उतरत, त्यांच्या पायातील जखमेतून नारूची पिल्ले पाण्यात जात, पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात वाढत आणि तेच पाणी पिणाऱ्याच्या पायातून वर्षभराने हातभर लांब दोऱ्यासारखी अळी बाहेर येई. माणूस ऐन पेरणीत अंथरुणाला खिळे. या रोगावर ना लस होती ना खात्रीचे औषध. तरी भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. पाणी गाळून पिणे, विहिरीत औषध टाकणे आणि पायऱ्यांच्या विहिरीऐवजी हापसा, एवढ्यावर हे झाले.

आता शेजारच्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडकडे वळतो. डॉ. रजनीकांत आरोळे हे मूळचे त्याच जिल्ह्यातले. ते आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल, दोघेही श्रद्धावान ख्रिस्ती, वेल्लोरच्या मिशनच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले. आधी नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात त्यांनी काही वर्षे काम केले. तिथे त्यांच्या ध्यानात आले, की बरी करून पाठवलेली मुले त्याच आजाराने पुन्हा येतात. हे आपल्यापैकी प्रत्येक डॉक्टरला दिसते. फरक इतकाच, की त्या दोघांना ते सहन झाले नाही. अमेरिकेत पुढचे शिक्षण घेऊन १९७० मध्ये ते जामखेडला आले.

पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ पडला. लोकांनी मागितले ते पाणी आणि अन्न, इंजेक्शन नव्हे. मग डॉक्टर बोअरच्या मागे लागले. आणि इथे त्यांनी एक युक्ती केली. पाण्याची जागा दाखवणाऱ्या जाणकाराला आधीच सांगून ठेवले, की जमेल तिथे दलित वस्तीतच जागा दाखवा. पाणी लागले, हापसा बसला आणि बाकीच्या गावाला तिथे घागर घेऊन यावेच लागले. जे व्याख्यानांनी झाले नसते ते तहानेने झाले. मला विचाराल तर त्या दोघांचे हे सगळ्यात मोठे औषध.

शिकलेल्या नर्स खेड्यात राहायला तयार नव्हत्या. म्हणून गावानेच निवडलेल्या बायकांना त्यांनी शिकवायला घेतले. त्यांतल्या अनेक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, एक गोष्ट शिकत आणि गावी जाऊन सांगत: बाळंतपणात हात आणि ब्लेड स्वच्छ कसे ठेवावे, जुलाब झालेल्या मुलाला पाणी बंद करू नये, बाळाला सहा महिन्यांनंतर काय भरवावे. १९७१ च्या सुमारास त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हा आकडा तिशीच्या खाली आला होता. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज आपल्या गावात आशाताई घरोघर फिरतात. ती योजना २००५ नंतरची. जामखेडच्या बायका त्याच्या पस्तीस वर्षे आधी फिरत होत्या.

मिशन म्हटले की एक शंका येतेच: हे सारे धर्म बदलण्यासाठी तर नव्हते? शंका निराधार म्हणता येणार नाही. जुन्या दुष्काळांत मिशनच्या आश्रयाला गेलेल्या अनेकांनी धर्मही बदलला, हा इतिहास आहे. पण जामखेडच्या हापशावर कोणाला धर्म विचारला नाही. तिथल्या आरोग्यसेविका हिंदू, बौद्ध, मुसलमान होत्या आणि तशाच राहिल्या. आरोळ्यांनी आपली श्रद्धा लपवली नाही आणि कामाच्या बदल्यात ती मागितलीही नाही. मी माळकरी घरातला; मला त्यात वावगे दिसत नाही.

आता आपल्याकडचे. नळयोजना झाल्या तरी उन्हाळ्यात वीज किंवा पाणी गेले की हापसाच उरतो. तो चालू आहे का, हे पावसाळ्यापूर्वी एकदा पाहा. दांडा दहा-पंधरा वेळा हापसल्याशिवाय पाणी येत नसेल, तर बहुधा आतला वायसर किंवा झडप गेली. ओट्याला तडा असेल तर तो आधी सिमेंटने बुजवा, कारण सांडलेले घाण पाणी त्याच फटीतून बोअरमध्ये उतरते. ओट्यावर भांडी घासू नका, जनावरे धुऊ नका. सांडपाणी चर काढून लांब शोषखड्ड्यात सोडा. संडासाचा खड्डा बोअरपासून किमान पन्नास फूट दूर हवा. बोअरचे पाणी दिसायला स्वच्छ असले तरी त्यात क्षार किंवा खताचा अंश असू शकतो, म्हणून वर्षातून एकदा ग्रामपंचायतीमार्फत तपासून घ्यावे.

आणि मुलाला जुलाब झालेच, तर पहिल्या जुलाबापासून पाणी सुरू करा. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम कालवा, निम्मे-निम्मे नको. ते नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमच्या-चमच्याने पाजा, उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. अंगावरचे दूध आणि जेवण तोडू नका. झिंकची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस द्यायची, जुलाब थांबले तरी. डोळे खोल गेले, लघवी सहा तास झाली नाही, मूल सुस्त पडले किंवा शौचातून रक्त आले, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी घरी पाणी कुठले येते ते त्यांना सांगा.