पोटापाण्याची गोष्ट (भाग 7) : चमचा इसबगोलचा, ग्लास पाण्याचा

मागच्या आठवड्यात ताकाबद्दल लिहिलं, तेव्हा विट्याच्या एका ताईंनी विचारलं, "सासऱ्यांना रोज झोपताना इसबगोल देते. सवय लागेल का? कायम दिलं तर चालतं का?"

चालतं. इसबगोल म्हणजे बियांवरचा भुसा, नुसता चोथा. पोट साफ करणाऱ्या अनेक चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला ढोसते. ते चूर्ण महिनोन् महिने घेऊ नये. इसबगोल तसं ढोसत नाही, पाणी धरून ठेवतं. सगळी मेख त्या पाण्यात आहे.

आज ओट्यावर एक करून बघा. चमचाभर इसबगोल अर्ध्या वाटी पाण्यात घाला आणि दहा मिनिटांनी बघा. त्या हलक्या पापुद्र्यांचा घट्ट गर झालेला असेल; वाटी तिरकी केली तर तो ओघळत नाही, गोळा होऊन घसरतो. भरपूर पाण्यासोबत आतड्यात हे झालं की मळ मऊ राहतो. घशाखाली, अन्ननलिकेत झालं तर तोच गोळा अडकतो. माझ्या आत्याने कोरडा चमचा तोंडात टाकून वर दोन घोट पाणी घेतलं होतं. तासाभरात तिला थुंकीसुद्धा गिळता येईना. शेवटी दुर्बीण घालून गोळा काढावा लागला. याच धोक्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2007 मध्ये दाणेदार रूपातलं इसबगोल चिठ्ठीशिवाय विकायला सुरक्षित मानायचं नाही, असं ठरवलं.

म्हणून सुरुवात अर्ध्या चमच्याने करा. मोठा ग्लासभर, म्हणजे 250 मिलिलिटर पाण्यात ढवळून घट्ट व्हायच्या आत प्या आणि वर आणखी पाणी प्या. पहिले काही दिवस पोट फुगेल, गॅस होईल, ते बसतं. गुण यायला एक ते तीन दिवस लागतात, त्यामुळे पहिल्याच रात्री चमचे वाढवू नका. थायरॉईडची किंवा इतर कुठली गोळी असेल तर मध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. मधुमेहाच्या औषधांसोबत साखर थोडी आणखी उतरू शकते, तेव्हा डॉक्टरांच्या कानावर घाला. गिळायला त्रास होतो, आतड्यात अडथळा झाला होता, किंवा हृदय-मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलंय, अशांनी आपल्या मनाने घेऊच नये.

मला काळजी वाटते ती आपल्या बायकांची. जत, आटपाडी, माण, खटावच्या रानात दिवसभर खुरपणाऱ्या, उसाच्या फडात मोळ्या बांधणाऱ्या बाया आडोसा नाही म्हणून मुद्दाम पाणी पीत नाहीत. मग मळाचे खडे होतात आणि कुणीतरी इसबगोलचा डबा हातात देतं. पाण्याविना तो डबा त्रास वाढवतो. इथे औषधाआधी संडास हवा, हे मला ठामपणे सांगायचंय.

आणि भाकरी. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम चोथा असतो, पांढऱ्या तांदळात जेमतेम 3. चमचाभर इसबगोलमधून मिळतो तीन-चार ग्रॅम. दोन हजार कॅलरींच्या आहारात रोज 30 ग्रॅम तरी चोथा हवा. टेंभू-म्हैसाळ सिंचन योजनांचं पाणी आलं, शाळूच्या (रब्बी ज्वारीच्या) कितीतरी रानांत ऊस-द्राक्षं आली, त्याबद्दल तक्रार नाही. भाकरीऐवजी चपाती खाल्ली तरी तिच्यातही चोथा भरपूर असतो; पण आपण पीठ बारीक चाळणीने चाळतो, कोंडा म्हशीला घालतो आणि चोथा दुकानातून विकत आणतो! कोरेगावचा वाघ्या घेवडा आठवड्यातून दोनदा शिजला तरी डब्यातला चमचा कमी करता येईल.

मात्र मळातून रक्त पडतंय, वजन उतरतंय, रक्त कमी झालंय, किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली, तर इसबगोल घेऊन दिवस काढू नका. आधी तपासून घ्या.

विट्याच्या ताईंना मी उलट विचारलं, "वर पाणी किती पितात?" म्हणाल्या, "रात्री उठायला लागतं म्हणून अर्धीच वाटी." त्यांना इसबगोलची वेळ बदलायला सांगितली आहे : सकाळी, अंघोळ झाल्यावर, समोर भरलेला तांब्या ठेवून.