हातातले जीपीएस यंत्र

मुलांनो, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासेमारीला जाणाऱ्या बोटी तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. किनारा दिसेनासा झाला की तांडेलाला वाट विचारायला कोणी नसते. मग तो मुठीत मावणाऱ्या जीपीएस यंत्राकडे पाहतो. यंत्र जागेचे आकडे दाखवते; पण त्या आकड्यांवर विश्वास केव्हा ठेवायचा, हे तांडेलालाच ठरवावे लागते.

जीपीएसचे सुमारे तीस उपग्रह पृथ्वीपासून २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरत असतात. उपग्रहाचा संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून यंत्र त्याचे अंतर काढते. तीन अंतरे मिळाली की जागा कळायला हवी. परंतु यंत्रातले घड्याळ उपग्रहातल्या घड्याळाइतके अचूक नसते. ती चूक काढून टाकण्यासाठी चौथा उपग्रह लागतो.

आता यंत्रातले उपग्रहांचे पान उघडा. तेथे एकात एक अशी दोन वर्तुळे दिसतील. बाहेरचे वर्तुळ म्हणजे क्षितिज, ज्याला आपण उर्दूत उफुक म्हणतो. वर्तुळांचा मध्य म्हणजे थेट तुमच्या डोक्यावरचे आकाश. उपग्रह अंकांनी दाखवलेले असतात आणि खालच्या पट्ट्या त्यांच्या संदेशाचा जोर सांगतात. बहुतेक यंत्रांत पोकळ पट्टीचा अर्थ असा, की त्या उपग्रहाची माहिती अजून येत आहे. पट्टी भरीव झाली, की तो उपग्रह कामाला लागला.

केवळ चार भरीव पट्ट्या मोजून थांबू नका. ते चार अंक वर्तुळात कोठे आहेत, तेही पाहा. वहीवर दोन रेषा जवळजवळ एकाच दिशेने काढा. त्या नेमक्या कोठे छेदतात, हे सांगणे कठीण जाते. उपग्रह एकाच कोपऱ्यात गोळा झाले, की यंत्राचीही तीच अडचण होते. उंच इमारतींच्या गल्लीत असेच घडते. शिवाय तेथे संदेश भिंतीवर आपटून उशिरा पोहोचतो आणि अंतर जास्त भरते. समुद्रावर आकाश मोकळे असते. तेवढे सुख तांडेलाला आहे!

पण आकाश मोकळे असूनही घोटाळा होतो, तो यंत्र चुकीचे लावल्यामुळे. समजा, एका तांडेलाने दुसऱ्याला रेडिओवर अक्षांश सांगितला, 'सतरा, तीस.' त्याच्या मनात १७ अंश ३० मिनिटे होते. एका अंशात ६० मिनिटे असतात, म्हणून दशांशात ते १७.५० अंश झाले. ऐकणाऱ्याचे यंत्र दशांशावर लावलेले असेल आणि त्याने १७.३० भरले, तर सुमारे २२ किलोमीटरचा फरक पडतो. बोट गुहागरसमोर जायची, ती जयगडसमोर जाईल.

नकाशाचेही तसेच आहे. जीपीएस 'डब्ल्यूजीएस ८४' या मोजणीवर चालते, तर भारताचे जुने स्थलनिर्देशक नकाशे एव्हरेस्ट यांच्या मोजणीवर आधारलेले आहेत. असा नकाशा हाती असेल, तर आधी त्यावर छापलेली मोजणी वाचा आणि यंत्रात तीच लावा.