जुनी फटफटी आणि तिचें तेल

घरांतील मुलाला किंवा मुलीला नोकरी लागली, कीं थोड्याच महिन्यांत मोटारसायकलचा विषय निघतो, आणि नव्या गाडीची किंमत ऐकून झाल्यावर जुनी पाहण्याचें ठरतें. दोघेचौघे जातात, रंग पाहतात, टायर दाबतात, एक फेरी मारून येतात आणि सौदा होतो. इंजिनांतील तेल मात्र कोणी पाहत नाहीं. वास्तविक त्या गाडीला आजवर कसें वागविलें गेलें याची, विक्रेत्याची भीड न बाळगतां साक्ष देणारी वस्तु तीच. म्हणून, श्रोतेहो, आज त्या तेलाविषयींच बोलण्याचें योजिलें आहे.

मोटारीच्या तेलापेक्षां मोटारसायकलच्या तेलावर बोजा अधिक असतो. मोटारींत गिअरपेटीचें तेल निराळें असतें. आपल्या बहुतेक फोर-स्ट्रोक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर हीं तिन्ही एकाच तेलांत नांदतात. (जुन्या बिडाच्या इंजिनाची बुलेट हा अपवाद.) आणि तें तेल तरी किती? शंभर-सव्वाशें सी.सी.च्या गाडींत सुमारें एक लिटर. एवढ्याशा तेलानें दट्ट्या आणि सिलिंडर यांतील घर्षण कमी करावयाचें, तेथील उष्णता वाहून न्यावयाची, काजळी पोटांत घ्यावयाची, आणि शिवाय गिअरच्या दातांखालीं रगडून घ्यावयाचें. मोटारीचें उरलेलें तेल हिच्यांत ओतण्याची काटकसर म्हणूनच अंगाशीं येते. मोटारीच्या कित्येक तेलांत घर्षण घटविणारीं द्रव्यें असतात. त्यांनीं क्लचच्या चकत्या घसरूं लागतात. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' अशीं अक्षरें असलीं, म्हणजे तें तेल अशा ओल्या क्लचला चालतें असें समजावें.

डब्यावरील '१०डब्ल्यू-३०' या अक्षरांत गूढ असें कांहीं नाहीं. पहिला आंकडा थंडींत तेल किती पातळ राहतें तें सांगतो, दुसरा तें तापल्यावर किती दाट राहतें तें. दाट तेल म्हणजे बळकट तेल, ही समजूत खोटी आहे. इंजिनाची झीज बरीचशी सकाळीं सुरू करतांना होते, आणि त्या क्षणीं तेल पातळ असेल तरच तें वरपर्यंत लवकर पोंचतें. गाडीच्या पुस्तकांत जो आंकडा दिला असेल तोच घ्यावा.

१९८५ सालीं हीरो होंडाची सीडी १०० आली, तेव्हां पेट्रोल भरा, झांकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात फार गाजली. पेट्रोलापुरती ती खरी होती. परंतु विसरण्याची ती संवय तेलालाही लागूं झाली, आणि तेथें घात होतो. शहरांत दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणारी गाडी पुरती तापतच नाहीं. मग तेलांत शिरलेला पाण्याचा अंश व पेट्रोल उडून जात नाहीं. अशा गाडीचे किलोमीटर थोडे भरले तरी महिने मोजावे आणि तेल बदलावें. तेल काळें झालें एवढ्यावरून मात्र घाबरूं नये. काजळी धरून ठेवणें हें त्याचें कामच आहे.

आतां खरेदीकडे वळूं. विक्रेत्यास आधींच कळवावें कीं, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करूं नका. गेल्यावर प्रथम इंजिनाला हात लावावा. तें कोमट लागलें तर शंका घ्यावी, कारण पुष्कळसे दोष थंड इंजिनांतच उघडे पडतात. मग गाडी सरळ उभी करून तेलाची डिपस्टिक काढावी. पातळी खुणेखालीं असेल, तर मालक बेफिकीर आहे किंवा इंजिन तेल जाळतें आहे. तेल अगदीं मधासारखें नवें दिसलें तर तें केव्हां बदललें आणि कोणतें घातलें, हें विचारावें. झिजलेल्या इंजिनाचा खडखडाट व धूर दाट तेलानें कांहीं दिवस दबतो, ही युक्ति बाजारांत सर्वांस ठाऊक आहे. थेंबभर तेल बोटांवर चोळून पाहावें; त्यांत धातूची चमचम दिसली तर सौदा पुढें नेऊं नये.

नंतर गाडी सुरू करून मागें उभें राहावें. निळसर धूर म्हणजे जळणारें तेल. तो आरंभीं एकदांच फुसकन येऊन थांबला, तर बहुधा व्हॉल्व्हचीं सीलें गेलीं आहेत. तें काम त्या मानानें हलकें. ॲक्सिलरेटर पिळला कीं येत राहिला, तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलें आहे. इंजिन उघडण्याचा खर्च किंमतींतून वजा करावा, नाहींतर नमस्कार करून निघावें. हिवाळ्याच्या सकाळीं दिसून विरणारी पांढरी वाफ निरुपद्रवी असते.

डिपस्टिकवर दुधाळ कॉफीसारखा रंग दिसला, तर तेलांत पाणी आहे. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत आणि ऑगस्ट २०१९ मध्यें सांगली-कोल्हापूरकडे अनेक वाहनें बुडालीं. बुडालेली गाडी धुऊन-पुसून परगांवीं विकावयास आली तर वरून कळत नाहीं.

कागदपत्रांत इंजिन व चॅसीचे क्रमांक जुळवून पाहावेत. येथें विकणाऱ्यानेंही जपावें. नोंदणी नांवावर राहिली तर पुढील अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकावर येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ सालचा निर्णय आहे.

गाडी घरीं आली कीं विक्रेता कांहींही सांगो, तेल बदलावें आणि गाळणी साफ करवावी. काढलेलें तेल गटारांत न ओततां गॅरेजवाल्याच्या पिंपांत जाऊं द्यावें. पांचशें किलोमीटरनंतर पातळी पुन्हां पाहावी, आणि किती उतरली तें गाडीच्या वहींत तारखेसह टिपून ठेवावें.