टेस्ट ट्यूब गर्भारपण : फाईल कपाटात ठेवू नका

गेल्या पावसाळ्यात इंदापूर तालुक्यातील एक बाई सासूबाईंना घेऊन माझ्या बारामतीच्या दवाखान्यात आल्या. वय एक्केचाळीस, पहिलेच बाळंतपण, आठवा महिना नुकताच लागलेला. रात्रीपासून पोटाच्या वरच्या भागात दुखते आणि डोके जड झाले आहे, एवढीच तक्रार. "आमटी तिखट झाली होती," सासूबाई म्हणाल्या. बाहेर गर्दी होती. मी पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. बाई उठल्या, पण पाय चपलेत जाईना. पावलांवर सूज होती. परत बसवून रक्तदाब पाहिला, तो १७०/११० निघाला. गरोदर बाईचा रक्तदाब न पाहता मी चिठ्ठी लिहिली होती. ही चूक माझी.

सासूबाई पाणी आणायला गेल्या तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, पुण्याला टेस्ट ट्यूब केलंय. घरी फक्त ह्यांना माहीत आहे. फाईल कपाटात आहे."

रक्तदाबाचे औषध देऊन त्यांना लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवले. दुसऱ्या दिवशी सिझेरियन करावे लागले. बाळ १३०० ग्रॅमचे, महिनाभर काचेच्या पेटीत होते. आता दोघेही बरे आहेत. त्यांची ओळख न देता हे लिहिण्यास त्यांनीच परवानगी दिली.

टेस्ट ट्यूबचे मूल वेगळे निघते, अशी शंका आजही कानावर येते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या देखरेखीखाली हर्षाचा जन्म झाला. (त्याआधी १९७८ मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे करून दाखवले होते. त्यांच्या हयातीत कोणी मानले नाही.) हर्षा मोठी झाली, तिचे लग्न झाले आणि मार्च २०१६ मध्ये तिला मुलगा झाला. ते बाळंतपणही डॉ. हिंदुजांनीच केले. तेव्हा मुलाविषयीची भीती सोडून द्यावी. काळजी घ्यायची ती नऊ महिन्यांची.

या गर्भारपणात रक्तदाब वाढणे, साखर वाढणे, वार खाली असणे आणि दिवस पुरे होण्याआधी कळा येणे, हे धोके नेहमीपेक्षा जास्त असतात. एक कारण वयाचे. कित्येक जोडपी दहा-बारा वर्षे देवधर्म, औषधपाणी करून, उसाच्या बिलाचे पैसे साठवून मगच या उपचाराकडे वळतात. दुसरे कारण जुळ्यांचे. दोन गर्भ सोडले की जुळ्यांची शक्यता वाढते. घरात पेढे वाटले जातात, पण कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांचा मोठा वाटा जुळ्यांचाच असतो. बीज दुसऱ्या स्त्रीचे असेल तर रक्तदाबाचा धोका आणखी वाढतो. ही गोष्ट नवरा-बायको जिवापाड जपतात. जपावीच, पण डॉक्टरांना सांगावी.

अशा बायकांना बाराव्या आठवड्यापासून, शक्यतो सोळाव्याच्या आत, ॲस्पिरिनची छोटी मात्रा पुष्कळदा दिली जाते. रक्तदाबाचा हा विकार त्याने काही जणींत टळतो. आमच्या बाईंच्या फाईलमध्येही ती गोळी लिहिलेली होती. चौथ्या महिन्यात त्या गावी परतल्या, पाकीट संपले, आणि ती कशासाठी आहे हे सांगायला जवळ कोणी नव्हते. ही गोळी आपल्या मनाने सुरूही करू नये आणि बंदही करू नये. गर्भ टिकण्यासाठीच्या प्रोजेस्टेरॉनचेही तसेच.

तारखेचा घोळ तर नेहमीचा. गर्भ सोडला तो पहिला दिवस, असे धरून घरचे लोक महिने मोजतात. पाच दिवसांचा गर्भ सोडला असेल तर त्या दिवशी हिशेबाने दोन आठवडे पाच दिवस झालेले असतात. १० जूनला असा गर्भ सोडला असेल तर प्रसूतीची तारीख २६ फेब्रुवारी येते. आमच्या बाईही म्हणूनच आठवा नुकताच लागला असे सांगत होत्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे पक्की व्हावीत म्हणून आईला इंजेक्शन द्यायचे की नाही, हे ठरवताना अडीच-तीन आठवड्यांची चूक फार महागात पडते. म्हणून गर्भ सोडल्याची तारीख, तो किती दिवसांचा होता आणि किती सोडले, एवढे लिहिलेला कागद जवळ असू द्या.

पहिली सोनोग्राफी लवकर करावी, कारण गर्भ नळीतही रुजू शकतो. पुढची अकरा ते तेरा आठवड्यांत, त्यानंतरची अठरा ते वीसमध्ये. तिच्यात व्यंगाबरोबर वारेची जागाही पाहतात. पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखरेची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात करावी. १४० किंवा त्यावर आकडा आला तर उपचार लागतात. रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने प्रत्येक भेटीत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, तिचा लाभ घ्या.

किमती गर्भ म्हणून सुनेला नऊ महिने खाटेवर झोपवून ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. त्याने गर्भ जास्त टिकतो असे नाही. उलट पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर घरात हिंडावे-फिरावे. दोन जिवांचे म्हणून तुपातले लाडूही बेताने.

डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगडीखाली दुखणे, चेहऱ्याला सूज, अंगावरून जाणे, पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. इंदापूरहून पुणे सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे. म्हणून अडचणीच्या वेळी जवळ कुठे जायचे आणि तिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळाची सोय आहे का, हे सातव्या महिन्याआधीच विचारून ठेवा.

आणि माझ्याकडे येताना फाईल पिशवीत घालून आणा. ती सासूबाईंसमोर उघडायची नसेल तर दाराशीच मला तसे सांगा. त्यांना बाहेर बसवण्याचे काम माझे.