ऐकिडोतील प्रहार: समजुती आणि वस्तुस्थिती

भिवंडी तालुक्यातील वळसारख्या गावी, जेथील भातखाचरांच्या जागी आता गोदामांच्या ओळी उभ्या आहेत, ऐकिडो ही जपानी युद्धविद्या पोचते ती बहुधा मोबाइलच्या पडद्यावरूनच. आणि जत्रेतल्या कुस्तीवर ज्याची नजर तयार झालेली आहे अशा प्रेक्षकाचा अभिप्राय हा, की ही मनगटे धरून फिरवाफिरवी करण्याची विद्या असून तीत ठोसा नाही, आणि लाथ तर नाहीच नाही. कुस्तीत प्रहार निषिद्ध, म्हणून पकडीच्या प्रत्येक विद्येत तो निषिद्धच असणार, हे अनुमान स्वाभाविक असले तरी वस्तुस्थितीस धरून नाही.

ऐकिडोचे प्रवर्तक मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) हे १९१५ मध्ये होक्काइदो बेटावर सोकाकू ताकेदा यांचे शिष्य झाले, आणि ताकेदांच्या दाइतो-र्‍यू परंपरेतून सांधे पिळण्याच्या युक्त्यांबरोबरच ‘आतेमी’, म्हणजे प्रतिपक्षाच्या देहावर करावयाचा आघात, हाही त्यांच्या विद्येत उतरला. उएशिबांनी १९३८ मध्ये ‘बुदो’ नावाची सचित्र पुस्तिका सिद्ध केली. तीत ‘इक्क्यो’ या मूलभूत डावाचा आरंभ, समोरचा केव्हा वार करील याची वाट न पाहता, शिकणाऱ्यानेच त्याच्या चेहऱ्याच्या रोखाने हात चालवून करावा असे दाखविले आहे. ऐकिडोत पहिली चाल कधीच करावयाची नसते, ही लोकप्रिय समजूत एवढ्या एका दाखल्यावरून नामंजूर व्हावी.

मात्र येथून उलट टोकास जाणेही इष्ट नव्हे. हा आघात सामान्यतः प्रतिपक्षास लोळविण्यासाठी नसतो. इक्क्योतच पाहा: प्रतिपक्षाचा कोपर व मनगट ताब्यात घेऊन त्यास पालथा पाडावयाचे असते, परंतु बळकट मनुष्य नुसता कोपर आखडून उभा राहिला, तर ती सारी विद्या त्या कोपरापाशी अडून बसते. अशा वेळी तोंडावर हात आला की त्याची मान मागे जाते, भार टाचांवर पडतो आणि हात बचावासाठी वर उचलला जातो. त्या क्षणापुरता कोपर मोकळा होतो व डाव साधतो. १९५५ मध्ये योशिनकान शाखा स्थापणारे गोझो शिओदा यांनी आतेमीस मोठेच महत्त्व दिले, तर ज्युदोच्या मुशीतून आलेल्या केन्जी तोमिकी यांनी आपल्या सतरा डावांच्या मालिकेतील पहिले पाच आतेमीचेच ठेवले. तोमिकींच्या या पाचांत मात्र ठोसा नाही. योग्य क्षणी हनुवटीवर किंवा धडावर हात टेकवून, तोल गेलेल्या देहास पाडणे एवढेच आहे.

लाथेचा प्रश्न निराळा. ऐकिडोत लाथेचा हल्ला मुळीच येत नाही असे नव्हे. काही शाखांत समोरून मारलेल्या लाथेस उत्तर देण्याचा सराव प्रगत विद्यार्थ्यांकडून करवून घेतात. ती विरळ आहे याचे कारण अहिंसेच्या तत्त्वात शोधणाऱ्यांनी आधी तलवारीकडे पाहावे. समोरून, बाजूने व भोसकून करावयाचे जे तीन हल्ले तालमीत पुनःपुन्हा येतात, त्यांचा घाट शस्त्रांच्या वारांचा आहे, आणि शस्त्रधाऱ्यापुढे एक पाय उचलून उभे राहणे हा सरळ आत्मघात होय. दुसरे कारण तर निव्वळ व्यावहारिक: ज्याचा पाय धरला गेला त्यास कोलांटी घेऊन सुखरूप पडता येत नाही, तो पाठीवर किंवा मानेवर आपटतो, नवशिक्याच्या बाबतीत कोणता शहाणा शिक्षक हा धोका पत्करील?

शेवटची फिर्याद अशी की तालमीतले हल्ले खोटे असतात, आणि तीत, माझ्या मते, बरेच तथ्य आहे. जेथे आतेमी गाळली जाते तेथे वार करणारा आपले तोंड उघडे टाकून येतो, त्याचा हात लक्ष्यापासून वीतभर अलीकडेच थांबतो, आणि न लागणारा वार चुकविण्यात दोघेही प्रवीण होतात. तोमिकींच्या शाखेत हे टाळण्यासाठी एकजण नकली सुरा घेऊन खरोखर भोसकण्याचा यत्न करतो व दुसरा त्यास अडवितो, अशा स्पर्धा घेतात. उएशिबांच्या घराण्याकडील मुख्य परंपरेस स्पर्धाच मान्य नसल्यामुळे तेथे ही जबाबदारी शिक्षकाच्या दक्षतेवर पडते. म्हणून ऐकिडोचे प्रात्यक्षिक पाहताना धरलेल्या मनगटाकडे न बघता शिकणाऱ्याच्या मोकळ्या हाताकडे बघावे: तो हात समोरच्याच्या चेहऱ्याची वा बरगडीची दखल घेत असेल, तर आतेमी तेथे शिकविली जात आहे असे समजण्यास हरकत नाही.