म्हातारा कुत्रा गेल्यावर, नवा आणताना

'अगदी तस्साच हवा,' ही पहिली मागणी. पण जाताना शांत झालेला लॅब्रॅडॉर पहिली दोन वर्षं चपला कुरतडत होता, हे दुःखात आठवत नाही. पिल्लू आलं की तेच सगळं पुन्हा!

जात ठरवताना शेवटची वर्षंही डोळ्यांपुढे आणावीत. पूर्ण वाढलेला लॅब्रॅडॉर साधारण २५ ते ३६ किलोंचा. कंबर धरली, की पोटाखालून टॉवेल घालून त्याला जिना चढवावा लागतो. लिफ्ट नसेल आणि आपली साठी उलटली असेल, तर हे झेपेल का? थोराड जातींना आयुष्यही कमीच: ग्रेट डेन बहुधा ७ ते १० वर्षं, लहान चणीचे कुत्रे अनेकदा १२ ते १५.

पग आणि फ्रेंच बुलडॉग यांची नाकं इतकी चपटी, की उन्हाळ्यात श्वास घेताना त्यांचे हाल होतात. हस्कीचं दाट केसाळ अंग थंडीसाठी आहे. विदर्भाच्या उन्हात तो आणूच नये. सोलापूर-सांगलीकडचा कारवानी काटक, पण त्याला धावायला मोकळं रान हवं.

आपला गावठी कुत्रा इथल्या हवेत रुळलेला. निवाऱ्यातला चार-पाच वर्षांचा, स्वभाव कळलेला गावठी घरी आणणं मला सगळ्यांत पटतं.