लयकारिका : लय आणि स्थिती
मंडळी, शाळेच्या पुस्तकात लयकारिकांना ‘आत्मघाती पिशव्या’ म्हणतात. हे नाव आज आपण जरा तपासून पाहू. नाव चुकलं की पुढचा विचारही वाकडा जातो.

बेल्जियमचे क्रिस्तियान द दूव यांनी १९५५ मध्ये या पिशव्यांना ‘लायसोसोम’ म्हटलं. पातळ आवरणाच्या आत पन्नासहून अधिक विकरं असतात. ती प्रथिनं, मेद, शर्करा यांचे तुकडे करतात. पण ती आम्लातच नीट चालतात. आतला सामू साधारण ४.५ ते ५, बाहेर पेशीद्रवात सुमारे ७.२. म्हणजे एखादी पिशवी गळलीच, तरी बाहेर विकरांची धार बोथट होते. मग आत्मघात कुठला?

उलट हे मोडण्याचं काम अडलं तर काय होतं, बघा. पॉम्पे रोगात एकच विकर कमी पडतं. ग्लायकोजेन लयकारिकांत साचत जातं. हृदय नि हातापायांचे स्नायू दुबळे होतात. तान्ह्या बाळाला हा रोग झाला आणि उपचार मिळाले नाहीत, तर ते बहुधा वर्षभरही जगत नाही. आता ते विकर शिरेतून देता येतं. पेशी ते उचलून लयकारिकेत पोचवते.

उपाशी पेशी तर स्वतःचेच जुने भाग इथं मोडते आणि त्या मालातून नवं बांधते. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं.

उत्पत्ती, स्थिती, लय असा क्रम आपण सांगतो. पेशीत मात्र लय चालू असतो, म्हणूनच स्थिती टिकते. तेव्हा ‘आत्मघाती’ हा शब्द सोडू या. ‘लयकारिका’ पुरेसा आहे.